सादळू नये, वाळू नये

सिगारवरचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उघडा, पहिल्या दहा-वीस पानांत एक ताकीद भेटतेच: पेटीतलं पाणी संपू देऊ नका. ही पुस्तकं लंडन, जिनिव्हा, न्यू यॉर्कच्या घरांसाठी लिहिलेली असतात. तिथे हिवाळाभर घरं तापवावी लागतात, त्या हवेत ओल उरत नाही, आणि महिनाभर उघडी राहिलेली सिगार बोटांत धरली की भाजलेल्या पापडासारखी मोडते. म्हणून त्या लेखकांचा सगळा जीव पेटीत ओल आणण्यावर. मी ती पुस्तकं मोठ्या भक्तिभावाने वाचली, पेटीतल्या स्पंजावर दर आठवड्याला पाणी घातलं, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर चार दिवस झड लागलेली असताना, पार्ल्याच्या घरात बारा चांगल्या सिगारींवर हिरवट लव उगवलेली पाहिली. कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही तशीच लव आली होती. तो पुसून वापरता आला.

हे पुस्तक त्या बुरशीतून उगवलं आहे.

त्या पुस्तकांना जे सांगायला पाऊण पान लागतं ते आपल्याकडे कुणीही एका शब्दात सांगतं: सादळलं. चिवडा सादळतो, पापड सादळतात, काडेपेटी सादळते. सिगारही सादळते. सादळलेली सिगार दाबली की स्पंजासारखी लागते, धूर ओढताना गालफडं आत जातात, एका बाजूनेच जळते, आणि पाचव्या मिनिटाला विझते. उलट वाळलेली सिगार भसाभस पेटते, धूर तापतो, जीभ चरचरते, आणि ज्या सुवासासाठी पैसे मोजले तो कधीच उडून गेलेला असतो. या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्टीत सिगारला वर्षभर ठेवायचं, एवढाच हा छंद. ओढण्याचा भाग त्यात फार थोडा. मी महिन्यातून दोन सिगारी ओढतो, एकीला तासभर धरला तर वर्षाचे चोवीस तास झाले. डब्याकडे मात्र ३६५ दिवस लक्ष द्यावं लागतं. त्यामुळे कुणी मला सिगार ओढणारा म्हटलं की मी मनातल्या मनात दुरुस्ती करतो: सिगार राखणारा.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या जुन्या मराठीत हिला चिरूट म्हणत. हा शब्द तमिळमधून आला. सुरुट्टु म्हणजे गुंडाळी. तोच पोर्तुगीजांच्या तोंडी शारुतो झाला आणि इंग्रजांच्या तोंडी चेरूट. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल या भागांतले चिरूट एकेकाळी इंग्लंडात इतके ओळखीचे होते की शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत जमिनीवरच्या राखेवरून तो खुनी त्रिचनापल्ली ओढणारा आहे हे ओळखतो. तंबाखू मात्र आपली नव्हे. ती अमेरिका खंडातून आली, आणि दख्खनला ती उत्तरेच्या आधी पोचली होती. अकबराचा दरबारी असद बेग १६०४च्या सुमारास विजापूरला गेला होता. तिथे त्याने तंबाखू पहिल्यांदा पाहिली आणि जडावाच्या चिलमीसकट ती बादशहापुढे नेली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकीम कुरकुरले. पुढे जहांगिराने बंदी घातली, आणि बंदीचं जे व्हायचं तेच झालं.

चिरूट आणि हवाना सिगार यांत गुंडाळी समान, बाकी पुष्कळ वेगळं. हाताने वळलेल्या सिगारीत तीन थर असतात आणि तिन्ही अखंड पानांचे. पोटात तीन-चार घडी घातलेली पानं, त्यांना आवळून धरणारं एक जाडसर पान, आणि सर्वांत वर रेशमासारखं मऊ, शिरा न दिसणारं पांघरूण. क्युबात यांना अनुक्रमे त्रिपा, कपोते आणि कपा म्हणतात. पोटातली पानं एकाच झाडाची असली तरी चव एक नसते. बुडाजवळचं पान, वोलादो, सौम्य असतं पण चांगलं जळतं. मधल्या पानाला, सेकोला, सुवास असतो. शेंड्याच्या लिहेरोवर ऊन सर्वांत जास्त पडलेलं, म्हणून ते जाड, तिखट आणि सावकाश जळणारं. वळणारा कारागीर लिहेरो नेमकं मध्यभागी बसवतो. ते जरा कडेला सरकलं की सिगार एकीकडून बोगद्यासारखी जळत जाते. वरचं पांघरूण ज्या झाडांपासून मिळतं ती झाडं क्युबात पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे उन्हाने पान जाड होत नाही. पिनार देल रिओ प्रांतातला वुएल्ता आबाहो हा पट्टा त्यासाठी नावाजलेला. तांबडी माती, सान हुआन इ मार्तिनेस आणि सान लुईस ही गावं. तिथला आलेहांद्रो रोबायना नावाचा शेतकरी एवढा मानला गेला की १९९७मध्ये सरकारी कंपनीने त्याच्या नावाची सिगार काढली. हयात शेतकऱ्याचं नाव मालावर लागणं ही आपल्या हापूसवाल्यांनाही न मिळालेली चैन.

तोडलेली पानं काठ्यांवर ओवून लाकडी कोठारात टांगतात. हिरवी पानं पिवळी आणि मग तपकिरी होतात. पुढे त्यांच्या राशी घालून त्या आंबवायच्या. राशीच्या पोटात हात घालवत नाही इतकी ऊब तयार होते, अमोनियाचा भपकारा निघून जातो, पान मवाळ होतं. उष्णता फार चढली की रास मोडून वरची पानं खाली, खालची वर. गोवऱ्या आणि शेणखताचे ढीग पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. निपाणीच्या वखारींतूनही तंबाखू अशीच मुरवली जाते.

मी व्यापारी जहाजांवर इंजिनियर होतो. पहिली बरी सिगार मला कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास बंदरात मिळाली, आणि नव्वदीच्या दशकात एकदा हवानात चार दिवस मुक्काम पडला. कापितोलिओच्या मागच्या एका जुन्या कारखान्यात शिरायला मिळालं. शाळेच्या वर्गासारखी लाकडी बाकं, प्रत्येकावर एक फळी, फळीवर चावेता नावाची अर्धचंद्राकृती पाती. हिला मूठ नसते, तळव्याने दाबून पान कापायचं. माझ्या समोरच्या बाईने पांघरुणाचं पान मांडीवर वगैरे घेतलं नाही; मांडीवर सिगारी वळतात ही पुरुषांनी पसरवलेली कथा आहे. तिने पान फळीवर पसरलं, डाव्या हाताने हलकेच ताणलं, कडा एका फेरीत कापल्या, आणि तिरकी पट्टी पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळत नेली. शेवटी डोक्यावर बोटाच्या पेराएवढी गोल टिकली, वनस्पतीच्या डिंकाने चिकटवलेली. सगळं मिळून काही मिनिटं. आकारानुसार कमी-जास्त, पण एक चांगला कारागीर दिवसाला शंभराच्या आसपास वळतो.

या सगळ्याहून जास्त मी पाहत राहिलो तो कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर बसलेला माणूस. तो वाचत होता. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी, ध्वनिक्षेपकावरून, संपूर्ण कारखान्याला. ही प्रथा १८६५मध्ये हवानातल्या एल फिगारो कारखान्यात सुरू झाली. त्या काळी वाचणाऱ्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत, आणि कुठलं पुस्तक लावायचं तेही तेच ठरवत. त्यांना ड्यूमाची मॉन्टे ख्रिस्तोच्या काउंटची कथा एवढी आवडे की १९३५मध्ये निघालेल्या एका सिगारीचं नावच मोंतेक्रिस्तो पडलं. रोमिओ आणि ज्युलिएटच्या नावाचीही सिगार आहे. वाचन संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; सगळ्यांनी चावेत्याची पाती फळीवर आपटली. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात तशीच ही रोजची पोथी. फरक एवढाच की ऐकणाऱ्याचे हात थांबत नाहीत.

हे क्युबातच घडलं असंही नाही. मलबारातल्या विडी कामगारांनी हेच केलं. एक जण वर्तमानपत्र वाची आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. त्याच कामगारांतून पुढे १९६९मध्ये कण्णूरची दिनेश विडी सहकारी संस्था उभी राहिली. सोलापूर, सिन्नरच्या बायका विड्या घरी वळतात, हजाराच्या हिशेबाने, चूल आणि पोरं सांभाळत. एका छपराखाली चारशे माणसं बसली तर वाचणारा ठेवता येतो. चारशे घरांत चारशे सुपं असली तर कोण कुणाला वाचून दाखवणार? मला या पुस्तकात विडीवर एक प्रकरण घालायचं होतं. लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की ते प्रकरण छंदाचं नाही, मजुरीचं आहे. ते वेगळ्या पुस्तकात, माझ्याहून जास्त माहिती असलेल्या कुणी लिहावं.

राजकारण थोडक्यात उरकतो. १९६०मध्ये कास्त्रो सरकारने कारखाने ताब्यात घेतले, मालक परागंदा झाले, आणि जाताना अनुभव व बियाणं दोन्ही घेऊन गेले. डोमिनिकन प्रजासत्ताकातलं सान्तियागो, निकाराग्वातलं एस्तेली, होंडुरासमधलं दान्ली ही आज सिगारींची मोठी केंद्रं आहेत ती पुष्कळशी त्या स्थलांतरामुळे. म्हणून एकाच नावाच्या दोन-दोन सिगारी बाजारात भेटतात, एक क्युबाची, एक बाहेरची, आणि दोघीही आपणच खऱ्या म्हणून भांडतात. १९६२च्या फेब्रुवारीत केनेडींनी क्युबाच्या मालावर बंदी घातली. त्यांचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनी नंतर सांगितलं की सहीच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी त्यांना हजारभर छोट्या हवाना गोळा करून आणायला पिटाळलं होतं. बाराशे मिळाल्या. मग सही झाली. चर्चिलचं नाव या पुस्तकात पुढे अनेकदा येईल, कारण १७८ मिलिमीटर लांबीच्या एका मोठ्या सिगारीचं ते बाजारातलं नावच आहे. माझ्या मुंबईकर मनाला त्याच्याबद्दल एवढंच आठवतं की १८९५मध्ये क्युबा पाहून आलेला हा तरुण पुढल्याच वर्षी आपल्या ससून डॉकवर होडीतून उतरताना धक्क्याची कडी धरायला गेला आणि खांदा निखळवून बसला.

आता डब्याकडे येऊ.

सिगार ठेवण्याच्या पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. कोठीचं तंत्र लोकप्रिय करण्याचं श्रेय जिनिव्हाच्या झिनो डाविडॉफ या दुकानदाराला देतात. त्याने तळघरात हवाना सिगारींसाठी ओल आणि तपमान राखलेली खोली केली. गिऱ्हाइकाने सिगार विकत घ्यायची आणि डाविडॉफने ती पिकवत ठेवायची असा तो मामला होता. (याच डाविडॉफने पुढे क्युबाशी बिनसल्यावर १९८९मध्ये लाखाहून अधिक सिगारी जाळून टाकल्या, न ओढता. माल मनासारखा नाही, ही तक्रार. तो प्रसंग मला अजून पचलेला नाही.) पेटीच्या आतलं अस्तर स्पॅनिश सीडर नावाच्या लाकडाचं असतं. हे लाकूड ना स्पेनचं, ना सीडरचं. सेद्रेला ओदोराता हे मध्य अमेरिकेतलं झाड महोगनीच्या कुळातलं आहे. ओल शोषतं, परत देतं, त्याचा वास तंबाखूशी जुळतो आणि किड्यांना तो फारसा रुचत नाही. आपल्याकडचं तूनही त्याच कुळातलं. आणखी एक झाड त्याच कुळातलं आहे, त्याची गोष्ट पुढे.

ओल किती हवी? पुस्तकं म्हणतात, ७० टक्के सापेक्ष आर्द्रता, १८ ते २१ अंश. हा आकडा त्यांच्या तळघरांचा. आपल्याकडे वातानुकूलन नसलेल्या खोलीत २८ अंश असताना डबा सत्तरवर ठेवला की बुरशीला आमंत्रणच. मी ६५च्या आसपास ठेवतो. पुण्यातल्या मित्राची तक्रार अगदी उलटी: एप्रिलमध्ये त्याच्याकडे दुपारची हवा वीस टक्क्यांवर येते आणि त्याला पाणी घालावंच लागतं. मुंबई-पुणे वादात हा एक मुद्दा माझ्या माहितीत पहिल्यांदाच येत असावा. त्यामुळे या पुस्तकात तक्ते दोन आहेत, घाटाखालचा आणि घाटावरचा. नागपूरकरांनी घाटावरचा घेऊन त्यात मे महिन्यापुरती भर घालावी.

आकडा मोजायला हायग्रोमीटर लागतो, आणि दुकानातले बहुतेक हायग्रोमीटर खोटं बोलतात. काट्याचे पितळी, देखणे तर सर्रास. त्यांची परीक्षा घ्यायला स्वयंपाकघरात जायचं. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घ्या, वर थेंब-थेंब पाणी टाका. मीठ ओलं गोळा झालं पाहिजे, विरघळता कामा नये. टोपण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी याच वेळेला पाहा. आकडा ७५ असला पाहिजे. ७१ दाखवत असेल तर तुमचं यंत्र चार कमी सांगतं, तेवढं मनात मिळवायचं. कारण साधं आहे. ओल्या मिठाच्या सान्निध्यातली कोंडलेली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. हवा त्याहून ओली झाली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून घेतं. म्हणजे पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेव्हा ते घरातल्या हवेने पंच्याहत्तरी ओलांडल्याची खबर देत असतं. (खडेमीठ जरा आधीच पाझरतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात.) सिगार ठेवणारे आज ज्या ओल देणाऱ्या-घेणाऱ्या पुड्या वापरतात, बोवेडा वगैरे, त्याही याच तत्त्वावर चालतात, फक्त क्षार वेगळा निवडून ६२, ६५, ६९ असे आकडे साधलेले असतात. मी स्पंज फेकून दिला त्याला आता बरीच वर्षं झाली.

आणि देखण्या पेटीचा आग्रहही सोडला. चकचकीत पॉलिशच्या लाकडी ह्युमिडॉरची झाकणं आपल्या हवेत फुगतात आणि मग नीट बसत नाहीत. दिवाणखान्यात ती शोभते, काम करत नाही. मी वापरतो तो रबराची कड असलेला, चारी बाजूंनी खटके लागणारा प्लास्टिकचा डबा, ज्यात शेजारच्या घरी लाडू असतात. आत स्पॅनिश सीडरच्या चार पट्ट्या, एक पुडी, एक मिठाने तपासलेला हायग्रोमीटर. रसिकांना हे बघवत नाही. त्यांच्यासाठी पेट्यांवर वेगळं प्रकरण आहे, छायाचित्रांसह.

फ्रिजमध्ये ठेवू का, असं मला प्रत्येक नवा माणूस विचारतो. नाही. बर्फ न साठणारे फ्रिज आतली हवा वाळवतात, आणि शिवाय सिगार शेजारच्या वासाची होते. लसणीची चटणी घातलेल्या डब्याशेजारी आठवडा काढलेली सिगार मी एकदा ओढली आहे.

पण फ्रिजचा एक उपयोग आहे, आणि तो मला आईने शिकवला, न कळत. एका ऑगस्टमध्ये डबा उघडला तर तीन सिगारींना टाचणीने टोचल्यासारखी भोकं. खाली पिठासारखा तपकिरी भुसा. एक सिगार उभी धरून टेबलावर ठोकली तर तिच्यातून तिळाहून लहान, तांबूस, पाठीला बाक असलेला किडा पडला आणि मेल्याचं सोंग घेऊन राहिला. मी भिंग काढलं, इंग्रजी पुस्तक काढलं. आई तेव्हा ऐंशीच्या घरातली. तांदूळ निवडत होती. तिने चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहिलं.

"अरे, हा तर धन्यातला."

"आई, हा तंबाखूचा किडा आहे. परदेशी."

"कसला परदेशी? हळकुंडांत हाच असतो. लाल मिरचीत हाच. जून गेला की डबे उघडावेत, दिसतो."

तिचं बरोबर होतं. लॅसिओडर्मा सेरिकोर्ने, पुस्तकांतला तंबाखूचा भुंगेरा, हळद, धने, मिरची, रवा, कशातही सुखाने राहतो. अंडी पानातच असतात. डबा गार असला तर ती निजून राहतात, आणि पंचविशी ओलांडली की जागी होतात. मुंबईत पारा पंचविशीखाली जातो तो मुख्यतः हिवाळ्यातल्या पहाटे. म्हणून परदेशी लेखक ज्याला अपघात म्हणतात तो आपल्याकडे नियम आहे, आणि त्याच्यावर इलाज एकच: बाहेरून आलेली प्रत्येक सिगार, कितीही मोठ्या दुकानातली, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. थेट फ्रीझरमध्ये किंवा थेट बाहेर काढली तर वरचं पान तडकतं. क्युबातले कारखाने आता माल गोठवूनच पाठवतात, पण वाटेत आणि दुकानात काय घडलं ते आपल्याला कुठे ठाऊक असतं?

आईने त्या दिवशी आणखी एक सांगितलं होतं: डब्यात कडुलिंबाचा पाला टाक. मी हसलो. पाल्याचा वास सिगारीला लागेल म्हणून टाकलाही नाही. पुढे कधीतरी वनस्पतींच्या कुळांची यादी चाळताना दिसलं की स्पॅनिश सीडर आणि कडुलिंब एकाच कुळातले. हवानाच्या कारागिरांनी पेटीसाठी जे झाड निवडलं त्याच्याच भाऊबंदाचा पाला कोकणातल्या बायका आगोटीच्या तांदळात घालत आल्या आहेत. तोवर तिला सांगायची वेळ निघून गेली होती.

बुरशीबद्दल एक सूचना. सिगारीवर पांढरं काही दिसलं की जुने शौकीन ते 'फुललेलं तेल' आहे, चांगल्या मुरण्याची खूण आहे, असं सांगतात. असेलही कधी. माझ्या अनुभवात ती दर वेळी बुरशीच निघाली. वरच्या पानावर पुसट असेल तर पुसून टाकावी. जळणाऱ्या टोकाच्या आत उतरली असेल तर सिगार टाकून द्यावी, आणि हळहळ करायला दुसरी पेटवू नये.

ओढण्याच्या रीतीवर पुढे प्रकरण आहेच, इथे दोनच गोष्टी. टोक कापताना डोक्यावरची ती गोल टिकली संपूर्ण उडवू नका. तिचा खालचा काठ शाबूत राहिला तरच पांघरूण उलगडत नाही. आणि घाई करू नका. मिनिटाला एक झुरका पुरे. जास्त ओढलीत तर ती तापते आणि कडवटते. राख स्वतःहून पडेपर्यंत राहू द्या. चांगल्या वळलेल्या सिगारीची राख पेराएवढी लांब, करडी, थरथरत टिकते. संपली की विडीसारखी चिरडायची नाही. ठेवून द्या, आपोआप विझते, वासही कमी सुटतो. सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, आणि त्यांचं चूक नाही. मी गच्चीवर जातो, तेही पाऊस नसेल तेव्हा.

धूर छातीत घ्यायचा नसतो. आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. सिगारीचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं, छातीपर्यंत जायची गरजच नसते. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग सिगारीने होतो. 'ही नैसर्गिक आहे, कागद नाही' हे वाक्य दुकानदाराचं आहे, डॉक्टरचं नाही. परळला टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर गावाहून आलेली कुटुंबं पथारी पसरून बसलेली असतात, त्यांच्याजवळून ज्याची बस रोज गेली आहे त्याला मी काय सांगू? माझ्या दोन मित्रांनी सिगारी जमवणं चालू ठेवलं आणि ओढणं सोडलं. डबे राखतात, आकडे लिहितात, पाहुण्याला देतात. ज्याने आजवर तंबाखूला हात लावला नाही त्याने या पुस्तकामुळे लावू नये. त्याला वाचायचंच असेल तर पहिली तीन प्रकरणं आणि वाचणाऱ्या माणसावरचं सातवं पुरेसं आहे.

खर्चाबद्दल लपवाछपवी नको. आयात कर धरून एका बऱ्या हवाना सिगारीच्या किमतीत चौकोनी कुटुंबाचा आठवड्याचा बाजार होतो. परदेशातून येताना पंचवीस सिगारी करमाफ आणता येतात, त्यावर बहुतेकांचा छंद चालतो. म्हणून फसवणूकही तिथेच. हवानाच्या रस्त्यावर प्रत्येक तिसऱ्या माणसाचा भाऊ सिगार कारखान्यात असतो. मीही त्या भावाकडून एक पेटी घेतली आहे. आत केळीच्या वाळक्या पानासारखं काहीतरी होतं. आणि काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी दिसली तर हात लावू नका. तशी पेटी कोहिबावाल्यांनी कधीच काढलेली नाही. ओळखीच्या खुणांचं प्रकरण त्यासाठीच जरा लांबलं आहे.

शब्दांबद्दल. स्पॅनिश नावं शक्य तेवढी उच्चाराप्रमाणे दिली आहेत, आणि जिथे मराठी शब्द आहे तिथे तोच वापरला आहे. सादळणं, मुरणं, आंबवणं, बेगमी, लव, भुसा, थोटूक. हस्तलिखित वाचणाऱ्या एका संपादक मित्राने 'ही पाककृतींची भाषा झाली' असा शेरा मारला. तो मी तसाच राहू दिला आहे, शेरा नव्हे, भाषा.

वाचून चुका काढणाऱ्या जहाजावरच्या जुन्या सहकाऱ्यांचा, डब्यांचे आकडे वर्षभर लिहून पाठवणाऱ्या पुणे, रत्नागिरी आणि मडगावच्या मित्रांचा आणि 'कपाटातला तिसरा खण तुझा, त्याच्यावर एक सिगारही जाता कामा नये' हा करार बावीस वर्षं पाळून घेणाऱ्या बायकोचा मी ऋणी आहे.

हे लिहिताना तिसरा खण उघडून पाहिला. बाहेर ८९, डब्यात ६६. पुडी फुगून टम्म झाली आहे, म्हणजे बरंच पाणी प्यायली. उद्या बदलतो.